उसातला बिबट्या, बागेतले थ्रिप्स आणि उत्क्रांती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला या भागांत शाळेत किंवा गावच्या बैठकीत वन्यजीवांवर बोलणं झालं की पुढचे पंधरा दिवस व्हॉट्सॲपवर प्रश्न येत राहतात. फिरून फिरून तेच येतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. एक उत्तर दुसऱ्यात गुंतत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उत्क्रांती म्हणजे प्राणी गरजेप्रमाणे स्वतःला बदलतो, बरोबर ना?

नाही. एकटा प्राणी जन्माला येताना मिळालेली जनुकं घेऊनच मरतो. बदलतो तो त्यांचा समूह, तोही पिढ्यांमागून. कुठल्याही समूहात जन्मतःच थोडे फरक असतात. कुणाची चोच जाड, कुणाचा रंग गडद, कुणाला एखादं विष कमी बाधतं. परिस्थिती पालटली की यांतल्या काहींची पिल्लं जास्त जगतात, काहींची कमी. तो फरक आनुवंशिक असेल तर पुढच्या पिढीत त्याचं प्रमाण वाढतं. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. गरज पडली म्हणून हवं ते जनुक तयार होत नाही. आधीपासून असलेल्या किंवा योगायोगाने उपजलेल्या फरकांतूनच निवड होते. एवढं पक्कं झालं की खालचे निम्मे प्रश्न पडायचेच नाहीत.

२. मग जुळवून घेणं आणि उत्क्रांती यांत फरक काय?

"जुळवून घेतलं" या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, शिकणं: माकडं देवळाच्या पायरीवर प्रसादाची पिशवी ओळखतात ती शिकून. दुसरी, शरीराची लवचीकता: डबकं आटायला लागलं की काही जातींच्या बेडकांची पिल्लं आकाराने लहान असतानाच पाय फुटून बाहेर पडतात. जनुकं तीच, पण शरीराने वेगळी वाट धरली. तिसरी, निवड, म्हणजे प्रश्न १ मधली गोष्ट. पहिल्या दोन एका आयुष्यात उरकतात, तिसरीला पिढ्या लागतात. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. "प्राण्यांमध्ये उत्क्रांती" असे मथळे छापून येतात तेव्हा बऱ्याचदा आत पहिली नाही तर दुसरी गोष्ट असते.

३. आमच्याकडचा बिबट्या आता उसातलाच झालाय. जंगलातल्या बिबट्यापेक्षा त्याची जात वेगळी झाली का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. जात तीच आहे.

उसात बिबट्याला हवं ते सगळं मिळतं. गारवा, पाटाचं पाणी आणि कित्येक महिने आत कुणी न फिरकणारा आडोसा. शेजारच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारातल्या बिबट्यांचा अभ्यास केला. तिथे १०० चौरस किलोमीटरमागे साधारण पाच बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता. जिथे राखीव जंगल नाही अशा भरवस्तीच्या शेतीतली ही गोष्ट.

पण यासाठी बिबट्याला नवं काही उपजावं लागलं नाही. वाळवंटाच्या कडेपासून सदाहरित जंगलापर्यंत, हरणापासून घुशीपर्यंत काहीही चालवून घेणारा हा प्राणी. ऊस त्याच्यासाठी उंच गवताचाच प्रकार. शिवाय उसाचा पट्टा आणि घाटातलं जंगल यांत भिंत नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेल्या एका नराला गळ्यात माग काढणारा पट्टा बसवून माळशेज घाटात सोडलं, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. नर असे हिंडत असले की दोन्हीकडची जनुकं मिसळत राहतात आणि वेगळी जात पडायला वावच राहत नाही. त्यात बिबट्याची पिढी वर्षांत मोजायची. उसाच्या काळात अशा पिढ्या फार झालेल्याच नाहीत.

पिढीतून पुढे जातं ते शिक्षण. ऊसतोड चालू असताना सरीत पाचटावर बछडे सापडतात तो प्रसंग बघा. फड थांबतो, वनखात्याची माणसं येतात, बछडे टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच जागी नेतात आणि शेजारी कॅमेरा लावतात. अंधार पडल्यावर मादी येते, कॅरेटभोवती फेरी मारते, ते कलंडवते आणि एकेकाला तोंडात धरून बाजूच्या न तुटलेल्या उसात घेऊन जाते. त्या बछड्यांना कळायला लागेल तेव्हा घर म्हणजे ऊसच असेल. ही सवय आहे आणि ती आईकडून येते. रक्तातून आलेली नाही.

४. मग पिंजरा लावून लांब जंगलात सोडलं तर प्रश्न मिटेल ना?

उत्क्रांतीचा प्रश्न नाही, पण दर वेळी येतो म्हणून थोडक्यात. जुन्नर भागात २००१ नंतर धरलेले बिबटे दुसरीकडे सोडले, तर सोडलेल्या जागांजवळ माणसांवरचे हल्ले वाढल्याचं अभ्यासात दिसलं. मोकळी झालेली जागाही रिकामी राहत नाही, दुसरा बिबट्या येतो. गावात बिबट्या दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बछडे सापडले तर काय करायचं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

५. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं शाळेत शिकलो. ती डोळ्यांदेखत होते का?

नवी जात पडायला सहसा फार काळ लागतो. पण समूहातलं एखाद्या गुणाचं प्रमाण बदलायला एक वाईट वर्षही पुरतं.

गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांना कडी घालून, चोची मोजून नोंदी ठेवल्या. १९७७ साली पाऊसच पडला नाही. मऊ, बारीक बिया आधी संपल्या आणि उरलं ते सराट्याच्या जातभाईचं टणक फळ. सराटा पायात मोडलेल्या माणसाला ते फोडायला काय लागत असेल हे सांगायला नको. मध्यम आकाराच्या जमीन-फिंचांची संख्या सुमारे १२०० वरून १८० च्या आसपास आली, आणि वाचलेल्यांत जाड चोचीचे जास्त होते. सरासरी जाडी अर्ध्या मिलिमीटरने वाढली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यांच्या पिल्लांच्या चोचीही जाडच निघाल्या, म्हणजे बदल वंशात उतरला.

दुसरं उदाहरण पाठ्यपुस्तकातलं, इंग्लंडमधल्या ठिपकेदार पतंगाचं. मँचेस्टरमध्ये १८४८ साली काळा पतंग नोंदवला गेला आणि कारखान्यांच्या काजळीत १८९५ पर्यंत तिथले ९८ टक्के पतंग काळे होते. पुढे काय झालं ते प्रश्न १५ मध्ये.

६. नाशिक जिल्ह्यात उत्क्रांती बघायची तर कुठे जायचं?

अंजनेरीला नको, बोरगडलाही नको. पिंपळगावच्या, दिंडोरीच्या द्राक्षबागेत जा. वन्य प्राणी म्हटलं की आपल्याला पट्टे आणि सुळे आठवतात, पण कुणी न पाळलेला कीडाही वन्यच. आणि वेगाने बदलणारा तोच.

फुलोऱ्यातल्या घडाखाली पांढरा कागद धरून घडाला टिचकी मारा. कागदावर रेघेएवढे पिवळसर थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, पळताना दिसतील. यांची पिढी उन्हाळी दिवसांत दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. बिबट्याला दोनदा व्यायला जेवढा काळ लागतो तेवढ्यात यांच्या कित्येक पिढ्या होऊन जातात. फवारणी झाली की बहुतेक मरतात आणि वाचतात ते ज्यांना ते औषध जरा कमी बाधतं. पुढची पिढी त्यांचीच. त्यात थ्रिप्स आणि लाल कोळी यांच्यात एक गंमत आहे. नर फलित न झालेल्या अंड्यातून होतो, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. प्रतिकाराचं जनुक त्याच्यात दुसऱ्या प्रतीमागे दडून राहू शकत नाही. औषधापुढे ते लगेच उघडं पडतं आणि लगेच निवडलं जातं.

"गेल्या वर्षी याच औषधाने बाग साफ झाली, यंदा नुसतं पाणी मारल्यासारखं" हे वाक्य दुकानाच्या ओट्यावर कुणी ऐकलं नाही? औषधात भेसळ असू शकते, फवारणी चुकलेली असू शकते. पण दोन्ही ठीक असेल तर तुम्ही उत्क्रांतीचाच निकाल वाचताय. अशा वेळी डोस वाढवणं म्हणजे आणखी बारीक चाळणी लावणं, मागे राहतात ते सगळ्यात चिवट. औषध बदलायचं तर बाटलीवरचं व्यापारी नाव बदलून उपयोग नाही, घटकाचा कार्यगट, म्हणजे तो किड्याला कसा मारतो तो प्रकार, बदलायला हवा. तीन कंपन्यांच्या तीन बाटल्यांत एकाच गटाचं औषध असतं आणि किड्याच्या दृष्टीने ती एकच फवारणी.

७. गुलाबी बोंडअळीनेच बीटी कापूस कसा पचवला? अमेरिकन बोंडअळीने का नाही?

मालेगाव-येवल्याकडून येणारा, आणि माझ्या मते या यादीतला सगळ्यात चांगला प्रश्न.

बीटी कापूस म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेला, अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा कापूस. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही खाते. त्या पिकांत बीटी नाही, म्हणून तिथे विष न पचवणाऱ्या अळ्याही सुखाने वाढतात. त्यांचे पतंग प्रतिकारवाल्यांशी जुगतात आणि प्रतिकाराचं जनुक पातळ होत राहतं. गुलाबी बोंडअळी जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर जगते. सगळीकडे बीटीच पेरलं तर न पचवणाऱ्या अळीला जागाच उरत नाही. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं ते यासाठीच: बांधाकडेने पेरून साध्या अळ्यांना आसरा द्यायचा. बहुतेकांनी ते पेरलं नाही. शेतकऱ्यालाच दोष देणंही बरोबर नाही. अळीसाठी चार ओळी सोडायच्या हे त्याला नीट पटवून कुणी दिलं?

भारतात बीटी कापूस २००२ मध्ये आला. गुजरातेत पहिल्या पिढीच्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात दोन जनुकांच्या वाणावरही तिने धुमाकूळ घातला.

८. किडा औषध पचवतो, मग गिधाडांनी डायक्लोफिनॅक का नाही पचवलं?

कारण त्यांना वेळच मिळाला नाही. जनावरांना दुखण्यावर दिलेलं हे औषध मेलेल्या ढोरातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं, जनावरांसाठीच्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त, आणि अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची सुमारे ९७ टक्के संपली होती.

हिशोब करून बघा. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लाला वयात यायला पाचेक वर्षं लागतात. थ्रिप्सच्या जितक्या पिढ्या एका हंगामात होतात तितक्या गिधाडाच्या व्हायला माणसाचा जन्म अपुरा पडेल. त्यात एका मेलेल्या बैलावर सगळा थवा उतरतो, म्हणजे एका ढोराने अख्खा थवा जायचा. निवड व्हायला मुळात विष सोसणारे काही हवेत आणि ते विणीपर्यंत टिकायला हवेत. अमेरिकेतल्या टर्की गिधाडाला हेच औषध कितीतरी जास्त मात्रेतही बाधत नाही. पण ते वेगळ्या कुळातलं. आपल्या गिधाडांत तो गुण नव्हता, आणि नसलेल्या गोष्टीची निवड होत नाही (प्रश्न १). हरसूलकडे खोरीपाड्याला गावकऱ्यांनी चालवलेल्या गिधाड उपहारगृहाचा अर्थ यातून कळतो: औषधविरहित मांस पुरवून पक्षी जगवायचा, तो बदलेल याची वाट बघायची नाही.

९. चिमणी माणसाजवळ राहून बदलली का?

बदलली, आणि जनुकातही. घरचिमणीची जवळची नातलग असलेली बॅक्ट्रियाना चिमणी मध्य आशियात माणसापासून लांब, गवताच्या बियांवर जगते आणि हिवाळ्यात भारतीय उपखंडात उतरते. २०१८ मध्ये दोघींच्या जनुकांची तुलना झाली. घरचिमणीत पिष्ट पचवण्याशी आणि कवटीच्या घडणीशी संबंधित जनुकांवर निवडीच्या खुणा सापडल्या. दोघींची फारकत शेतीच्या सुरुवातीच्या सुमाराची, साधारण ११,००० वर्षांपूर्वीची. पिष्ट पचवण्याचं त्याच गटातलं जनुक कुत्र्यातही बदललेलं आहे. आपल्या खळ्यावर दोघेही जेवले, त्याचा हा पुरावा. शहरातून चिमण्या कमी का झाल्या हा वेगळा विषय, तो इथे नको.

१०. शिकारीमुळेही प्राणी बदलतात का?

हो. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ या यादवी युद्धात गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातले ९० टक्क्यांहून जास्त हत्ती हस्तिदंतासाठी मारले गेले. सुळे नसलेल्या माद्या वाचल्या. त्यांचं प्रमाण १८.५ टक्क्यांवरून सुमारे ५१ टक्क्यांवर गेलं. हा गुण एक्स गुणसूत्रावर बसतो आणि नर गर्भाला घातक ठरतो, म्हणून बिनसुळ्यांचे नर तिथे वाढले नाहीत. हे आफ्रिकी हत्तीचं. आपल्याकडच्या हत्तिणींना मोठे सुळे मुळातच नसतात, ती गल्लत करू नका.

११. नांदूरमध्यमेश्वरला येणारे पक्षी उशिरा येतात, लवकर जातात. ही उत्क्रांती म्हणायची का?

एका-दोन हंगामांवरून नाही. पाऊस लांबला, धरणातून पाणी सोडलं, उत्तरेत थंडी उशिरा पडली, यांतल्या कशानेही थापट्या आणि तलवार बदकांच्या तारखा मागेपुढे होतात. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तर पाण्याची पातळी बघूनच थांबायचं की नाही ते ठरवतात. हे वर्तन आहे (प्रश्न २).

मात्र स्थलांतराची दिशा आनुवंशिक असू शकते. मध्य युरोपातला ब्लॅककॅप नावाचा वटवट्या हिवाळ्यात नैर्ऋत्येला, स्पेनकडे जायचा. १९६० नंतर त्यांतले बरेच वायव्येला ब्रिटनमध्ये हिवाळा काढू लागले, कारण तिथे परसात दाणे मिळतात. पीटर बर्टहोल्ड यांनी ब्रिटनमधल्या पक्ष्यांची पिल्लं पिंजऱ्यात वाढवली. आईबापांनी वाट दाखवलेली नसताना ती पिल्लंही वायव्येकडेच झेपावू लागली. शिकणं आणि वंश वेगळे काढायचे तर असा प्रयोग लागतो, नुसत्या तारखांची वही पुरत नाही.

१२. काळा बिबट्या ही जंगलाला जुळवून घेतलेली नवी जात आहे का?

जात नाही. आई आणि बाप दोघांकडून एका अप्रभावी जनुकाची प्रत आली की साध्या बिबट्यालाच काळा बछडा होतो. ओल्या, दाट जंगलात हा रंग जास्त आढळतो, म्हणून तिथे फायदा असावा असं मानायला जागा आहे.

पण प्रत्येक वेगळा रंग फायद्याचाच असतो असं नाही. ओडिशातल्या सिमलीपालमध्ये रुंद, एकमेकांत मिसळलेल्या पट्ट्यांचे काळे वाघ तीनातला एक इतके आहेत. २०२१ च्या अभ्यासातून दिसलं की हा समूह छोटा, बाकीच्यांपासून तुटलेला, आणि आपसातच जुगणारा. एखाद्या आडगावात एकच आडनाव पसरावं तसं एक दुर्मिळ जनुक तिथे पसरलं. म्हणून २०२४ मध्ये आपल्या ताडोब्यातून दोन वाघिणी तिकडे नेल्या.

१३. लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाला तर लांडगा संपेल का?

पुण्याजवळच्या माळरानावर असा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय चाचणीतून सिद्ध झालं. भारतीय लांडगा हा जगातल्या फार जुन्या लांडगा-वंशांपैकी. माळरानं आक्रसून लांडग्याला जोडीदार मिळेनासा झाला आणि आजूबाजूला मोकाट कुत्री भरपूर असली की हा धोका खरा आहे.

अपवादही आहे. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांचा काळा रंग फार पूर्वी कुत्र्यांकडून आला, आणि साथीच्या रोगात त्या जनुकाने त्यांचा फायदा केल्याची चिन्हं आहेत. म्हणून सरसकट निकाल देता येत नाही. येवल्याच्या माळावर मात्र कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हाच शहाणपणा.

१४. पवनचक्क्यांमुळे सरडे बदलले असं वाचलं. खरंय?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा अभ्यास, २०१८ चा. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी येतात, त्यामुळे तिथे निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचे सरडे जास्त आढळले. त्यांच्यात ताणाचं संप्रेरक कमी होतं, माणसाला बघून ते उशिरा पळायचे आणि गळ्याचे रंग जरा फिके होते. बदल खरा. पण गर्दी वाढली, खाणं विभागलं गेलं तरी रंग फिका पडू शकतो. त्यामुळे याला "परिणाम" म्हणा, "उत्क्रांती" नको.

१५. उत्क्रांती उलटी फिरते का?

तिला पुढे-मागे नाहीच. १९८३ च्या अतिवृष्टीनंतर डॅफ्नेवर बारीक बिया उदंड झाल्या आणि लहान चोचींचे फिंच वरचढ ठरले. इंग्लंडमध्ये १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर काजळी कमी झाली, तसे काळे पतंग दुर्मिळ झाले.

१६. प्राणी जुळवून घेतातच. मग संवर्धनाचा एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न थोडा टोमणा म्हणून येतो, पण रास्त आहे. कोण जुळवून घेतं ते बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कारखान्यांच्या विषारी सांडपाण्यात किलीफिश नावाचा बोटभर मासा हजारो पट विष सोसून जगतो. त्याची संख्या अफाट आणि जनुकीय विविधता प्रचंड, म्हणून सोसणारे काही मुळातच हजर होते.

आता माळढोक घ्या. सहसा एक अंडं, मोजके पक्षी. उडताना त्याची नजर खाली आणि बाजूला असते, समोरचं फार कमी दिसतं, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळतो. समोर बघणारा माळढोक निवडला जाईपर्यंत निवडायला माळढोक उरायला हवेत. जो थोडका आहे, सावकाश वितो, किंवा तुटक बेटासारख्या जागेत अडकलाय, त्याच्यासाठी खटाटोप. ममदापूरच्या काळविटांना कुंपणापेक्षा शेजारच्या माळांकडे जायची वाट जास्त कामाची आहे ती याचसाठी.

१७. आमच्या शिवारात असा बदल दिसतोय असं वाटलं तर काय नोंदवायचं?

"वेगळा रंग दिसला" एवढ्यावर काही करता येत नाही. किती पाहिले आणि त्यांपैकी किती वेगळे, तारीख, ठिकाण आणि फोटो, एवढं हवं. पक्षी असेल तर ईबर्डवर, बाकी सगळं आयनॅचरलिस्टवर टाका. बिबट्याच्या बिळाचं किंवा गिधाडाच्या घरट्याचं नेमकं ठिकाण मात्र जाहीर करू नका. आणि सगळे नेहमीसारखेच दिसले तरी त्या दिवशीची संख्या लिहा. वीस वर्षांनी तुलना करायला तीच लागते, आणि तीच कुणी लिहिलेली नसते.